घरी बांधलेल्या गाडीत सामानाचे कप्पे बसवताना

घरी बांधलेल्या गाडीत इंजिन, ब्रेक आणि स्टीअरिंग यांवर सगळे लक्ष खर्च होते आणि कागदपत्रे, पाण्याची बाटली, जॅक-पाना कुठे ठेवायचे हा विचार अगदी शेवटी होतो. तोवर वायरिंग पक्के झालेले असते, सीट बसलेल्या असतात आणि मग सापडेल त्या जागेत खोके ठोकले जाते. हा क्रम बदलला पाहिजे. गाडीचा सांगाडा उभा राहिला, पण त्याला रंग लागायचा आहे, अशा टप्प्यावरच प्रत्येक कप्पा कशाच्या आधाराने बसेल हे ठरवावे. खोके कोणालाही करता येते. खरी कसोटी त्याच्या आधाराची असते.

आधाराचा हिशेब धडकेवरून करावा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तिच्यातील वस्तूंवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट जोर येतो, म्हणजे ५ किलोची हत्यारांची पिशवी १०० किलोच्या वजनासारखी पुढे खेचली जाते. म्हणून जड सामान सीटच्या मागे किंवा खाली, शक्य तितक्या खालच्या पातळीवर ठेवावे आणि तो कप्पा सांगाड्याला वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर, ६ मिलिमीटरच्या बोल्टने आणि नायलॉक नटने (आत नायलॉनची कडी असलेला, सहसा सैल न होणारा नट) बसवावा. रिव्हेट किंवा चिकटद्रव्य यांच्या भरवशावर फक्त कागद, चष्मा, फडके अशा हलक्या वस्तूंचे कप्पे ठेवावेत. सांगाड्याच्या भार सोसणाऱ्या पाइपला मात्र भोक पाडू नये, कारण त्या जागी पाइप कमकुवत होतो आणि आत शिरलेले पाणी त्याला आतून गंजवते. वेल्डिंगची वेळ निघून गेली असेल, तर रबर लावलेला क्लॅम्प वापरावा.

माप घेताना नुसती टेप पुरत नाही. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून मास्किंग टेपने कप्प्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती जागेवर उभी करावी, आणि ज्याने गाडी चालवायची त्याने बेल्ट लावून बसून प्रत्येक गियर टाकून पाहावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, तिन्ही पेडल तळापर्यंत दाबावीत, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवावे आणि सीट मागेपुढे सरकवावी. हात, गुडघा किंवा लिव्हर पुठ्ठ्याला घासला, तर पुठ्ठा कापणे सोपे असते, पत्रा कापणे नव्हे. पेडलच्या वरच्या बाजूला उघडा कप्पा करूच नये. तिथून घरंगळलेली एक बाटली ब्रेक पेडलखाली अडकली तर पुढचे सांगायला नको. फ्यूज बॉक्स आणि ब्रेकची पाइप कप्प्यामागे कायमची झाकली जात नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

पत्रा नागपूरच्या इतवारीतील लोहा ओळीत घेता येतो, पण दुकानात अॅल्युमिनियमचा नुसता गेज (जाडीचा क्रमांक) न सांगता मिश्रधातूचा क्रमांकही विचारावा. ५०५२ हा पत्रा व्यवस्थित वाकतो. ६०६१-टी६ मजबूत असला तरी काटकोनात घट्ट वाकवताना घडीवर तडकतो. मध्यम आकाराच्या कप्प्याला १.५ मिलिमीटर जाडी पुरते. प्लायवुड हवे असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय घ्यावे आणि कापलेल्या कडा पॉलियुरेथेन व्हार्निशने बंद कराव्यात, नाहीतर पावसाळ्यात त्या फुगतात. थ्रीडी प्रिंटरवर भाग काढणाऱ्यांनी नागपूरचा मे महिना विसरू नये. पीएलए हे प्रिंटरचे नेहमीचे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्डजवळ तेवढे तापमान सहज होते. तिथे एएसए किंवा एबीएस ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिके वापरावीत.

वाकवण्याआधी सपाट पत्र्याची लांबी काढावी लागते आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. बाहेरील मापांची सरळ बेरीज केली, तर कप्पा ठरल्यापेक्षा मोठा होतो. घडीच्या आतील गोलाईची त्रिज्या पत्र्याच्या जाडीएवढी असेल, तर काटकोनातील प्रत्येक घडीमागे जाडीच्या सुमारे १.८ पट वजा करावे. १०० मिलिमीटर उंचीच्या दोन बाजू आणि १५० मिलिमीटर रुंदीचा तळ असेल, तर दीड मिलिमीटर पत्र्यासाठी ३५० ऐवजी साधारण ३४४.६ मिलिमीटर लांबी लागते. हा आकडा यंत्रानुसार थोडा बदलतो, म्हणून त्याच पत्र्याच्या तुकड्यावर एक घडी घालून खात्री करावी. दोन घड्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आधी ४ मिलिमीटरचे भोक पाडले, की पत्रा फाटत नाही. हाताने लाकडात धरून वाकवलेली घडी लांब पत्र्यावर सरळ येत नाही. हिंगणा एमआयडीसीतील पत्राकाम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर) ती करून घेणे मला शहाणपणाचे वाटते.

कापलेल्या सगळ्या कडा कानशीने घासून त्यांवर रबर बीडिंग चढवावे. डोके आपटू शकेल अशा भागातील कठीण कडांच्या गोलाईची त्रिज्या किमान २.५ मिलिमीटर असावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक २१ मध्ये म्हटले आहे, आणि घरच्या गाडीतही हे पाळण्यात काही अवघड नाही. झाकणाला चुंबक लावायला हरकत नाही, पण चुंबकामुळे फक्त खडखड थांबते. धक्क्यात झाकण मिटलेले राहण्यासाठी यांत्रिक खटका हवाच. अॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे भिडतात तिथे नायलॉनचा वॉशर किंवा रंगाचा थर ठेवावा, अन्यथा ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. आतून फेल्ट चिकटवताना उष्णता सोसणारे चिकटद्रव्यच निवडावे.

कप्पा बसल्यावर प्रत्येक बोल्ट आणि नट यांवर आडवी रंगाची रेघ ओढून ठेवावी. खराब रस्त्यावर काही वेळ गाडी चालवल्यानंतर रेघ तुटलेली दिसली, तर तो नट सरकला आहे. घट्ट करून पुन्हा रेघ ओढावी आणि तोच नट दुसऱ्यांदा सरकला तर बदलून टाकावा.