शब्दकोड्यातील दिशा : या चुका टाळा

शब्दकोड्याच्या सूचनेत ‘दिशा’ हा शब्द दिसला की सोपे उत्तर हाती लागले असे वाटते, आणि पुढची खाडाखोड बहुधा तिथूनच सुरू होते. मराठी कोड्यात जोडाक्षरालाही एकच चौकट मिळत असल्यामुळे आठ दिशांपैकी पूर्व सोडली तर उरलेल्या साती दिशा तीन-तीन चौकटींच्या होतात. शिवाय प्रतीची (पश्चिम) आणि उदीची (उत्तर) याही तिनाच्याच. दोन चौकटी दिसल्या म्हणून डोळे झाकून ‘पूर्व’ लिहावे, तर ‘प्राची’ आडवी येते. म्हणून छेदणारा एखादा उभा शब्द सुटेपर्यंत पेन्सिलच वापरावी. उपदिशांच्या बाबतीत शेवटच्या चौकटीत नुसता ‘य’ आहे, की ‘त्य’, ‘व्य’, ‘न्य’ यांपैकी काही, एवढे कळले तरी प्रश्न मिटतो.

नैर्ऋत्य मात्र त्यानंतरही छळते. काही कोडेकार मधल्या चौकटीत रफारासह ‘र्ऋ’ धरतात, काही ‘नैऋत्य’ असे रूप घेऊन तिथून ‘ऋतू’ किंवा ‘ऋण’ खाली सोडतात. पहिले रूप शुद्ध असले तरी कोडे सोडवताना शुद्धलेखनाचा हट्ट न धरता उभ्या शब्दाचे ऐकावे.

वाऱ्यांच्या सूचनांत उलट दिशा लिहिली जाते. वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेचे; त्यामुळे ‘ईशान्येकडे वाहणारे मोसमी वारे’ असे विचारले असता उत्तर नैर्ऋत्य हेच येते. दिक्पालांच्या बाबतीत अग्नी आणि वायू आपली दिशा स्वतःच सांगतात, पण पावसाच्या ओघात वरुणाला नैर्ऋत्येस बसवू नये, त्याची दिशा पश्चिम. यम दक्षिणेचा, कुबेर उत्तरेचा, इंद्र पूर्वेचा.

खरी गंमत आणि खरी फसगत श्लेषात असते. ‘दिशेला काना दिला की भटजी प्रसन्न (३)’ येथे दक्षिणा अपेक्षित असते, हे बहुतेकांना जमते. ‘दिशा नेसलेला (४)’ या सूचनेत मात्र लोक आठ नावे घोळवत बसतात. उत्तर दिगंबर असते, आणि त्यात एकाही दिशेचे नाव नसते. ‘उत्तरच उरले नाही, म्हणून गप्प (४)’ म्हणजे निरुत्तर. येथे ‘उत्तर’ हा शब्द सूचनेतच उघड ठेवलेला असल्यामुळे तो उत्तरात पुन्हा येणार नाही, असे आपण गृहीत धरतो. अशी सूचना रचणाऱ्याला मनोमन दाद द्यावी.

शेवटी विभक्ती. ‘सूर्य उगवतो ती दिशा’ आणि ‘सूर्य उगवतो तिकडे’ या सूचना सारख्या नाहीत. दुसरीत ‘पूर्वेला’ किंवा ‘पूर्वेस’ हवे. दोन्हींत चौकटी तीनच, तेव्हा ‘ला’ की ‘स’ हे पुन्हा उभ्या शब्दालाच विचारावे लागते.