‘आत्या, लॅग!’ असा मेसेज आला की मी काय करते

शुक्रवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो: ‘आत्या, लॅग!!!’ पाठोपाठ आणखी चार. कुणाचे हिरे लाव्हात गेलेले असतात, कुणाला क्रीपरने (जवळ येऊन फुटणारा राक्षस) उडवलेलं असतं, आणि खापर सर्व्हरवर, म्हणजे माझ्यावर. सांगलीत बसून मी भाचरांसाठी आणि त्यांच्या दोस्तांसाठी माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमचा सर्व्हर चालवते. मशीन मुंबईतलं, महिन्याच्या भाड्याचं; खेळणारे चौदा. पहिलं वर्ष मी प्रत्येक तक्रारीला रीस्टार्ट मारला. तसं करू नका. दहा मिनिटं बरं वाटतं आणि दुखणं कुठे होतं ते कळायचं राहून जातं.

पोरं तीन वेगळ्या दुखण्यांना ‘लॅग’ हे एकच नाव देतात. म्हणून आधी विचारायचं: नुसती मान इकडेतिकडे फिरवलीस तरी चित्र अडकतं का? अडकत असेल तर तो त्याचा लॅपटॉप. एफ३ दाबून एफपीएस (सेकंदाला किती चित्रं पडतात) बघायला सांगा आणि सेटिंगमधलं रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसावं) उतरवा. विषय संपला.

मान सरळ फिरते, पण फोडलेला दगड परत उगवतो? मग दुसरा प्रश्न: एकट्यालाच की सगळ्यांना? एकट्यालाच असेल तर त्याची लाइन. घरात कुणीतरी मोठं डाउनलोड लावलंय का बघायचं, वायफाय सोडून केबल लावायची. माझी एक भाची जर्मनीत असते, तिचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, १४० मिलिसेकंदांच्या आसपास. ती माझ्याशी भांडायची. तिला हिशोब करून दाखवला: फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. तेव्हापासून ती धनुष्यबाण सोडून शेती करते.

सगळ्यांनाच एकदम होतंय, गायी-कोंबड्या पुतळ्यासारख्या उभ्या आहेत, चॅट मात्र लगेच पोचतंय? आता सर्व्हर बघायचा. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० टिकांनी (टिक म्हणजे जगाचं एक पाऊल) चालतं, म्हणजे एका टिकचं सगळं काम ५० मिलिसेकंदांत उरकायला हवं. ८० लागले की टिका साडेबारावर येतात आणि २० मिनिटांचा दिवस ३२ मिनिटांचा होतो. भट्ट्या, पिकं, सगळंच रेंगाळतं. पेपर नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर ‘टीपीएस’ (सेकंदाला किती टिका) आणि ‘एमएसपीटी’ (एका टिकला किती मिलिसेकंद) या कमांड हे आकडे दाखवतात. साध्या सर्व्हरवर गेमच्या १.२०.३ आवृत्तीपासून ‘टिक क्वेरी’ आहे.

आकडा वाईट दिसला की हात रॅमकडे जातो. माझाही गेला. ८ जीबीचे १२ केले, दरमहा पैसे वाढले, फरक शून्य. जगाचा मुख्य गाडा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. रॅम खरंच कमी पडत नसेल तर वाढवून काय होणार?

त्याऐवजी स्पार्क प्लगइन लावा आणि लॅग चालू असतानाच पाच-दहा मिनिटं प्रोफाइल घ्या. वेळ कुठे जातोय ते तो दाखवतो. आमच्याकडे निघाला ऊस! धाकट्या भाच्याने पिस्टन-ऑब्झर्व्हर (ऊस वाढला की ओळखून तोडणारे ठोकळे) लावून उसाचं अवाढव्य ऑटोमॅटिक शेत केलं होतं (सांगलीचा पोरगा, दुसरं काय लावणार). पेट्या भरल्या, हॉपर (माल पेटीत ओतणारी नरसाळी) तुंबले, ऊस जमिनीवर सांडत राहिला. सांडलेली वस्तू ६००० टिकांनी गायब होते, म्हणजे एरवी ५ मिनिटांत. पण टिका दहावर आल्या की १० मिनिटं. तेवढ्यात नवा सांडतो, गाडा आणखी मंदावतो. शिवाय साहेब तिथेच पात्र उभं करून जेवायला जायचे, त्यामुळे शेत थांबायचंच नाही.

शेत पाडायला लावलं नाही, अर्धं केलं. हॉपरच्या डोक्यावर कंपोस्टर (खताची पेटी) ठेवला, म्हणजे वर काही पडलंय का हे तो सारखं तपासत बसत नाही. मात्र ज्या हॉपरमध्ये वरून माल पडायचा असतो त्याला हे करू नका. सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे खेळाडूभोवती किती लांबपर्यंत जग चालू ठेवायचं, १० वरून ६ वर आणला: माणशी ४४१ चंकऐवजी (जगाचे तुकडे) १६९. इलिट्राने (गेममधले पंख) उडत नवा प्रदेश उघडणाऱ्यांसाठी चंकी प्लगइनने नकाशा आधीच तयार करून ठेवला. आणि एक लाजिरवाणी गोष्ट: रोजचा बॅकअप मीच साडेनऊला लावला होता, ऐन गर्दीत. तो आता पहाटे चारला होतो.

गेलेल्या हिऱ्यांचं काय? त्या वेळी टीपीएस १५ च्या खाली होता असं दिसलं तर मी भरून देते, नाहीतर नाही. कोण किती रडलं यावर ठरवायला लागलात तर रोज रडारड.

दोन्ही प्रश्न मी ग्रुपवर पिन केलेत, शेवटी ‘कुठे उभा होतास?’ हा तिसरा जोडून. परवा धाकट्याचा मेसेज आला: ‘आत्या, लॅग. मान फिरते. सगळ्यांना आहे. उसापाशी.’ जाऊन बघितलं तर पेट्या पुन्हा तुडुंब. आता जास्तीचा ऊस ड्रॉपरने थेट लाव्हात जातो.