ब्लीचने टी-शर्टवर छाप उठवताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी सोसायटीतल्या पोरांसाठी आम्ही बारा काळे टी-शर्ट घरीच 'रंगवायला' घेतले. त्यातल्या पाचांची पायपुसणी झाली. मूळ चूक त्या शब्दातच होती. ब्लीच रंग चढवत नाही, कापडात असलेला रंग खातं. शिवाय ते आपण थांबवल्याशिवाय थांबत नाही.

पहिली फसगत कापडाची. गळ्याजवळचं लेबल वाचा, 100 टक्के सुती हवं. पॉलिएस्टरचा रंग ब्लीचला दाद देत नाही, त्यामुळे खेळाच्या जर्सीवर वेळ घालवू नका. मिश्र कापडावर मळकट, अर्धवट छाप येतो. रेशीम आणि लोकरीच्या तर वाटेलाच जाऊ नका, त्यांचा धागाच खराब होतो. नवा टी-शर्ट आधी एकदा धुऊन वाळवा, नाहीतर खळीमुळे छाप डागाळलेला येतो.

काळ्यावर पांढरं उमटेल ही आशाही सोडा. काळा बहुधा विटकरी, केशरी किंवा गंजासारखा होतो, आणि एखादा काळा अजिबात हलत नाही. म्हणून खालच्या दुमडीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. दुकानात एकाच ढिगातून घेतलेल्या आमच्या दोन टी-शर्टांवर दोन वेगळे रंग आले होते.

आता साचा, म्हणजे ज्याच्या कापलेल्या जागेतून कापडावर ब्लीच फवारायचं तो तुकडा. रांगोळीचा प्लॅस्टिकचा छाप कापडावर सपाट बसत नाही, त्याच्या कडेखालून ब्लीच शिरतं आणि अक्षर फुगतं. मागून चिकटणारा स्टिकर पेपर बरा. जुनी एक्स-रे फिल्म सुरेख कापली जाते, पण तिच्यावरचा काळा थर ब्लीच लागताच सुटून कपड्यावर उतरतो. तो थर आधीच, हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्यात काढून टाका.

देवनागरीची अडचण इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. आम्ही 'मोरया' कापलं आणि 'म'च्या पोटातला तुकडा गळून पडला. 'म', 'प' शिरोरेषेमुळे आणि 'ब', 'व' त्यांच्या गोलामुळे चारही बाजूंनी बंद होतात. आतला तुकडा धरून ठेवायला तीन-चार मिलिमीटरचा पूल सोडावा लागतो. शिरोरेषा सलग कापली तर साचाही मधोमध लोंबतो, ती दोन-तीन ठिकाणी तोडा. एवढी कलाकुसर नको असेल तर उलटं करा: पिंपळाचं पान कापडावर दाबून ठेवा आणि भोवती फवारा. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं, असं माझं मत.

छाप फुटला, ओघळ आले, पाठीवरही डाग पडला? ब्लीच जास्त झालं. घरगुती ब्लीच आणि पाणी समसमान घ्या. बाटली बारीक तुषार देणारी हवी. पहिला फवारा नेहमी थुंकल्यासारखा जाड पडतो, तो जुन्या वर्तमानपत्रावर मारा. मग एक वीतभर अंतरावरून दोन-तीन फवारे, बस. साच्यावर साचलेले थेंब लगेच टिपून घ्या. टी-शर्टच्या आत पुठ्ठा घालाच, पण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. नुसता पुठ्ठा ओलावा पिऊन मागच्या बाजूला देतो.

रंग अजिबात उतरला नाही, तर कापडाबरोबर बाटलीवरही संशय घ्या. उन्हात किंवा महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली निकामी झालेली असते. पाणी घातलेलं ब्लीच तर उद्यासाठी ठेवूच नका. टाकीत घालायची ब्लीचिंग पावडर हा पर्याय नव्हे. तिच्या न विरघळलेल्या कणांनी कापडाला भोकं पडतात.

हवी ती छटा दिसायच्या जरा आधीच धुवायला घ्या, कारण ओलं कापड असतं त्यापेक्षा गडद दिसतं. लवकर व्हावं म्हणून इस्त्री किंवा हेअर ड्रायर फिरवू नका, धागा जळतो.

आणि सर्वांत घातक चूक इथे होते. 'ब्लीचचा परिणाम थांबवायला व्हिनेगर घाला' हा सल्ला सर्रास फिरतो. व्हिनेगर, लिंबू किंवा अ‍ॅसिडवाला टॉयलेट क्लीनर ब्लीचमध्ये मिसळला की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही तितकाच वाईट. काम गच्चीत किंवा गॅलरीत करा.

नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात अक्षराच्या जागी भोक पडतं ते धाग्यात उरलेल्या ब्लीचमुळे. भरपूर पाण्यात खळबळून झाल्यावर औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. ते 3 टक्क्यांचं असेल तर एक भागाला दहा भाग पाणी, 6 टक्क्यांचं असेल तर वीस. त्यात कपडा बुडवला की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की पुन्हा धुवा, या वेळी साबणाने.

एखादा थेंब भलत्याच जागी पडलाय? लहान असेल तर कापडावरच्या काळ्या मार्करने झाकता येतो. मोठा असेल तर साचा काढून टाका आणि दूरवरून सगळीकडे शिंतोडे मारा. आमच्या वाया गेलेल्या पाचांपैकी दोन तसेच वाचले असते, तेव्हा सुचलं नाही.