तास संपताच तीन ओळी

तास नेमका कुठे फसला, हे संध्याकाळी टाचण (उद्याच्या पाठाची आखणी) काढायला बसेपर्यंत विसरलेलं असतं. म्हणून टाचणवहीचं डावं पान कोरं सोडा. घंटा झाली की फळा पुसण्याआधी तिथे लिहा:

१. मुलाचं चुकलेलं उत्तर, जसंच्या तसं. ‘४०३ − १७८ = ३७५’. नुसतं ‘वजाबाकी कच्ची’ लिहून काही हाती लागत नाही. ३७५ पाहिलं की कळतं, मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय.
२. मी तेव्हा काय केलं.
३. उद्या काय बदलणार? एकच गोष्ट: शतकाचा गठ्ठा सुटा करून त्याचे दहा दशक दाखवणे.

शनिवारी ही पानं सलग वाचा.

मुलांची नावं मात्र लिहू नका. वही टेबलावर उघडी राहते.