घरच्या स्टिरिओसाठी केबलची निवड

केबल घ्यायला गेल्यावर दुकानदार आधी बजेट विचारतो आणि गिऱ्हाईकही आधी बजेटच सांगते. खरे तर पहिला प्रश्न त्या केबलमधून काय वाहणार आहे, हा असायला हवा. एकाच स्टिरिओत तीन अगदी वेगवेगळ्या ताकदीचे सिग्नल फिरत असतात. टर्नटेबलच्या (रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राच्या) मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई आणि हलते चुंबक असलेल्या भागातून, साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉग सिग्नलात रूपांतर करणारे उपकरण) कमाल २ व्होल्टच्या आसपास देतो. आणि ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट जात असतील, तर तारेवर २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर असतात. पहिल्या ठिकाणी केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि शील्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टन) यांना महत्त्व आहे, दुसऱ्या ठिकाणी शील्डला आणि पक्क्या जोडणीला, तर तिसऱ्या ठिकाणी जवळजवळ केवळ तांब्याच्या जाडीला. त्यामुळे एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा पूर्ण संच घेण्यात शोभेपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

सुरुवात स्पीकरच्या तारेपासून करावी, कारण तिथे सगळे गणिताने ठरते. मोजपट्टी भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीला वळसा घालून, तार प्रत्यक्ष जाईल त्याच वाटेने न्यावी आणि प्रत्येक टोकाला अर्धा मीटर जास्त धरावा. एका बाजूची लांबी मीटरमध्ये घेऊन तिची दुप्पट करावी (कारण विद्युतप्रवाह जातो तसा परतही येतो), तिला ०.०१७५ ने गुणावे आणि तारेच्या चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे तारेचा ओहममधील रोध. हा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या (स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेल्या रोधाच्या) ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा, असा जुना आणि पुरेसा ठोकताळा आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरसाठी ०.४ ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी ०.२ ओहम ही मर्यादा. एवढ्या रोधाने आवाजात पडणारा फरक अर्ध्या डेसिबलहूनही कमी असतो.

हे गणित बाजारात कसे वापरायचे, ते पाहू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन पदरी वायर बंडलमधून मीटरवर कापून मिळते. तिच्यावर १४/७६, २३/७६, ४०/७६ असे आकडे सांगितले जातात. पहिला आकडा बारीक तारांची संख्या सांगतो आणि दुसरा प्रत्येक तारेची जाडी, म्हणजे ०.००७६ इंच. अशा एका तारेचे क्षेत्रफळ सुमारे ०.०२९ चौरस मिलिमीटर भरते. म्हणून १४/७६ मध्ये ०.४१, २३/७६ मध्ये ०.६७, ४०/७६ मध्ये १.१७ आणि ७०/७६ मध्ये साधारण २ चौरस मिलिमीटर तांबे असते. पाच मीटर अंतरासाठी १४/७६ चा रोध ०.४३ ओहम येतो, म्हणजे ती ८ ओहमलाही नापास ठरते. २३/७६ चा ०.२६ ओहम येतो. ती ८ ओहमला चालते, पण ४ ओहमला नाही. ४०/७६ चा ०.१५ ओहम येतो आणि तो दोन्हीकडे चालतो. दिवाणखान्यातल्या बहुतेक जोडण्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची, दुकानाच्या भाषेत ‘दीड एमएम’ची, वायर पुरेशी आहे. अंतर आठ-दहा मीटरचे असेल किंवा स्पीकर ४ ओहमचे असतील, तर अडीच एमएम घ्यावी. त्याहून जाड तार घरात वळवणे अवघड जाते आणि काही अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलमध्ये शिरतही नाही.

दोन्ही स्पीकरच्या तारा तंतोतंत सारख्या लांबीच्या असाव्यात, हा आग्रह अकारण आहे. अ‍ॅम्प्लिफायर डाव्या स्पीकरजवळ असेल, डावीकडे २ मीटर आणि उजवीकडे ६ मीटर दीड एमएमची तार लागत असेल, तर दोन्हींच्या रोधात ०.०९ ओहमचा फरक पडतो. ८ ओहमच्या स्पीकरवर हा फरक सुमारे ०.१ डेसिबल होतो. खुर्ची जरा सरकवली, तरी याहून मोठा फरक पडतो.

तांब्याच्या शुद्धतेची चर्चा फार होते, भेसळीची मात्र कमी होते, आणि खरा धोका भेसळीचाच आहे. साध्या विद्युत तांब्याची शुद्धता ९९.९ टक्के असते. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांबे त्याहून शुद्ध असले, तरी दोन्हींच्या विद्युतवाहकतेत साधारण एक टक्क्याचाच फरक आहे. पाच मीटरची तार पाच सेंटिमीटरने आखूड केली, की तो भरून निघतो. याउलट, तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि ती वारंवार वाकवली की लवकर तुटते. जाड, पारदर्शक, चकचकीत आवरणाची आणि भलतीच स्वस्त तार दिसली, तर संशय घ्यावा. बंडल हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने हलके लागते. एक बारीक तार ब्लेडने खरवडून पाहावी: आत पांढरा धातू दिसला, तर ते अ‍ॅल्युमिनियम. कथिलाचा मुलामा दिलेले तांबे नेमके उलटे असते, बाहेरून पांढरे आणि आतून तांबूस. ते खुशाल घ्यावे. नामांकित कंपनीची आयएसआय चिन्ह असलेली साधी फ्लेक्सिबल वायर स्पीकरला लावण्यात काहीही कमीपणा नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतही स्पीकरला टेबललॅम्पचीच दोन पदरी वायर लावत असत. पुढे नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि केबल ही स्वतंत्रपणे मिरवण्याची वस्तू झाली.

तारेच्या टोकांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. आवरण सोलताना बारीक तारा कापल्या जाऊ नयेत, आणि सोललेल्या टोकाला घट्ट पीळ द्यावा. एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली, तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. स्क्रूखाली दाबायच्या टोकाला सोल्डर लावू नये, कारण दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि जोडणी सैल होते. कोकणात आणि गोव्यात दमट हवेने उघडे तांबे काळवंडते, पुढे हिरवे पडते. तिथे सोनेरी मुलाम्याचे ४ मिलिमीटरचे बनाना प्लग लावावेत, नाहीतर पावसाळा सरल्यावर टोक सेंटिमीटरभर कापून नव्याने सोलावे. सोन्याचा उपयोग एवढाच, की ते गंजत नाही. विद्युतवाहक म्हणून ते तांब्यापेक्षा कमीच आहे.

आता सीडी प्लेअर, डॅक, फोनो प्रीअ‍ॅम्प (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) यांना अ‍ॅम्प्लिफायरशी जोडणाऱ्या आरसीए केबल. इथे प्रवाह नगण्य असतो, म्हणून जाडी गौण ठरते. पाहायचे ते एवढेच, की शील्ड दाट विणलेली असावी, प्लगच्या आत ती नीट सोल्डर केलेली असावी आणि प्लग सॉकेटवर घट्ट बसावा. पण इतका घट्ट नव्हे, की ओढताना सॉकेटच हातात यावे. लांबी गरजेपुरती, बहुधा मीटरभर, घ्यावी. मीटरला १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असलेली दीड मीटरची केबल १ किलोओहम आउटपुट इम्पिडन्सच्या प्लेअरला लावली, तर उच्च कंप्रतांची घसरण सुरू होते ती १ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे श्रवणमर्यादेच्या पन्नासपट वर. अपवाद व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) काही प्रीअ‍ॅम्पचा. आउटपुट इम्पिडन्स १० किलोओहम आणि केबल दहा मीटर असेल, तर हीच घसरण १६ किलोहर्ट्झच्या सुमारास येते आणि ती ऐकू येऊ शकते. अशा वेळी प्रीअ‍ॅम्प पॉवर अ‍ॅम्पजवळ ठेवून स्पीकरच्या तारा लांबवाव्यात.

टर्नटेबल असणाऱ्यांनी मात्र केबलच्या आकड्यांत डोके घालायलाच हवे. या सगळ्या विषयात केबलमुळे सूर खरोखर बदलण्याची हीच एक नित्याची जागा आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या वेटोळ्याचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठराविक कंप्रतेच्या आसपास आवाज फुगतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजचा इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे आणि त्याला १०० ते २०० पिकोफॅरड भार द्यावा, असे कंपनी सांगते. ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेसाठी हा आकडा १५० ते ३०० आहे. व्हीएम९५ई वर १५० पिकोफॅरड असतील, तर अनुनाद साधारण साडेसतरा किलोहर्ट्झवर येतो. ३५० झाले, तर तो साडेअकरावर उतरतो, वरच्या पट्टीतला आवाज आधी टोचरा होतो आणि त्यापुढे एकदम पडतो. या भारात टोनआर्मची आतली तार, केबल आणि फोनो प्रीअ‍ॅम्पचे इनपुट या तिन्हींची बेरीज धरायची असते. प्रीअ‍ॅम्पमध्येच १०० किंवा २०० पिकोफॅरड असू शकतात, म्हणून त्याचे माहितीपत्रक आधी वाचावे आणि उरलेल्या हिशेबात बसेल अशी केबल घ्यावी. पाकिटावर ‘पिकोफॅरड प्रति मीटर’ हा आकडा छापलेलाच नसेल, तर टर्नटेबलसाठी ती केबल सोडून द्यावी, मग तिच्यावर चांदीचे कितीही गुणगान असो. टर्नटेबलची वेगळी अर्थची तार प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला बांधायला विसरू नये.

स्पीकरमधून येणारी ‘घूंऽऽ’ बहुतेक वेळा महागड्या केबलने जात नाही, कारण तिचे मूळ केबलच्या दर्जात नसून अर्थिंगच्या दोन वाटांमध्ये असते. शोधण्याची रीत सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून आवाज शून्यावर आणावा आणि एकेका उपकरणाची केबल काढावी. काढताना-लावताना आवाज नेहमी शून्यावरच असावा, घूं ऐकताना मात्र तो जरा वाढवावा. सेट-टॉप बॉक्सची छपरावरून येणारी वायर काढताच घूं थांबली, तर दोषी सापडला. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर काढल्यावर शांतता झाली, तर तो दुसरा नेहमीचा संशयित. उपाय म्हणून सगळी उपकरणे एकाच बोर्डवर घ्यावीत, छपरावरच्या वायरला आयसोलेटर (अर्थिंगची वाट तोडणारा भाग) लावावा किंवा लॅपटॉप ऑप्टिकल केबलने जोडावा. प्लगची अर्थ पिन कापून घूं घालवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. उपकरणात दोष आला, की त्याची धातूची पेटीच जिवंत होते. सिग्नलच्या आणि विजेच्या तारा एकत्र बांधू नयेत. एकमेकींना ओलांडाव्या लागल्या, तर काटकोनात ओलांडाव्यात.

दोन्ही बाजूंना एक्सएलआर सॉकेट असतील आणि अंतर जास्त असेल, तर बॅलन्स्ड केबल (सिग्नल दोन तारांतून उलटसुलट नेऊन बाहेरचा गोंगाट रद्द करणारी) घ्यावी. मीटरभर अंतरात तिचा लाभ क्वचितच जाणवतो. डिजिटल जोडणीसाठी कोअ‍ॅक्सियल केबल ७५ ओहमची असावी, ऑप्टिकल केबल फार वाकवू नये आणि यूएसबी केबल पाच मीटरच्या आत ठेवावी. याहून अधिक खर्चाचे कारण नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर दोन्ही स्पीकरची लाल-काळी टोके तपासावीत. एका बाजूला ती उलटी झाली, की खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न ठरता खोलीभर विखुरतो. शंका असेल तर तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलची धन बाजू लाल तारेला असताना दोन्ही वूफरचे पडदे एकाच दिशेला, बहुधा बाहेर, सरकायला हवेत.

एवढे करूनही महागडी केबल खुणावत असेल, तर ती परत घेण्याच्या अटीवरच आणावी. घरातल्या कुणाला तरी आपल्या पाठीमागे जुनी-नवी केबल मनास येईल तशी बदलायला सांगावे, आवाजाची पातळी तीच ठेवावी आणि प्रत्येक वेळी कोणती केबल वाटते ते कागदावर लिहावे. निम्मी उत्तरे चुकत असतील, तर मुदत संपण्याआधी केबल दुकानात नेऊन द्यावी.