पिकअपचा क्रॉस वारंवार का जातो?

नवा क्रॉस (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) टाकून महिना-दोन महिन्यांत पुन्हा 'खट्' आवाज येत असेल, तर दोष बहुधा क्रॉसचा नसतो. जुना क्रॉस फेकू नका, उघडून पाहा. त्याच्या टोकांवरच्या टोपीत लालसर कोरडी पूड म्हणजे ग्रीस पोहोचलेलं नाही. टोपीतल्या बेअरिंगच्या सुयांच्या रेघा खोल उमटल्या असतील, तर जादा लोड किंवा शाफ्टचा चुकीचा कोन.

मग गाडी सपाट जागी, चारही चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडकण) लावून, न्यूट्रलमध्ये. शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, गिअरबॉक्स माउंटिंग बसलंय का, पिनियन फ्लँज (शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलला जोडतो ती चकती) वर-खाली हलतो का? फ्लँज हलला तर पिनियन बेअरिंग गेलं, आधी ते बदला.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलला जखडणाऱ्या यू-बोल्टकडे. ते ढिले असले की ओव्हरलोड चढावर अ‍ॅक्सलचं हाऊसिंग पिळतं, पिनियनचा कोन बदलतो आणि क्रॉस मार खातो. पाटे वाढवले असतील तरी कोन बिघडतोच.

शाफ्ट काढण्याआधी स्लिप जॉइंट (शाफ्टचा मागे-पुढे सरकणारा दातेरी सांधा) आणि फ्लँजवर खुणा करा. एक दात जरी चुकला तरी थरथर सुरू. नव्या क्रॉसला चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा.