बडोद्याहून खंभात

दांडिया बाजारात आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना एक दिवस खंभातला धाडते. सकाळीच निघा, आणंदला गाडी बदला. आधी १३२५ ची जामा मशीद. खांब नीट निरखा, नक्षी थेट देवळातली वाटते. मग अकीकवाल्यांकडे, म्हणजे अकीक या रंगीत दगडाचे मणी घडवणाऱ्यांकडे जा. दगड आधी भाजतात, त्यातलं लोह तापून लाल होतं, मग फिरत्या चाकावर घासतात. घासाघीस बिनधास्त करा, पण मणी उजेडात धरून चीर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. समुद्राची हौस आवरा: बंदर कधीच गाळाने भरलंय, भरतीही झपाट्याने येते, चिखलात शिरू नका. येताना हलवासन ही तिथली मिठाई घ्या, जायफळाचा वास आला पाहिजे. सुतरफेणी मात्र डब्यातूनच आणा, पिशवीत पार भुगा होतो.